वीत आणि चार बोटं

माझ्या मामंजींनी मला उभ्या जन्मात एकदाच मारलं, आणि तेही चुकून. नेम माझ्या नवऱ्यावर होता. लग्नाला अजून आठ दिवस झाले नव्हते. मी पाण्याचं मडकं घेऊन दारातून आत येत होते आणि मामंजींनी भिरकावलेला पाट नवऱ्याचं डोकं चुकवून माझ्या खांद्यावर बसला. मडकं फुटलं, मी भिंतीला टेकले. मामंजी माझ्याकडं बघून म्हणाले, "तू मधी का आलीस?" एवढंच. तो खांदा अजून थंडीत ठणकतो आणि ठणकला की मामंजींची आठवण येते. शिव्या देत देत सुरू झालेली आठवण दर वेळी पदर डोळ्याला लावून संपते, याचाच मला राग येतो.

मामंजी म्हणजे माझे सासरे, जैतू बुदवंत. नंदिगड्ड्याच्या वरच्या अंगाला, रानात, बारा घरांचं आमचं गाव. बुदवंत म्हणजे गावाचा म्होरक्या. लग्न ठरवायचं त्यानं, भांडण तोडायचं त्यानं, आणि शिकारीतल्या डुकराचं मुंडकं, पहिल्या पोळ्यातला मध, नव्या भाताची पहिली पाटी, हे सगळं आधी त्याच्या घरी जायचं. मी खानापूरकडची. पहिल्यांदा आले तेव्हा बघते तर गावातली माणसं सगळी काटकुळी, पावसाळ्यात कंद उकडून खाणारी, फासळ्या मोजून घ्याव्यात अशी. आणि त्यांच्यात हा एक डोंगर. अख्ख्या गावात पोट म्हणून एकच होतं. ते आधी दारातून बाहेर यायचं, मग मामंजी यायचे. लोकांना त्याचं कौतुक. बुदवंताचं पोट म्हणजे गावाची अब्रू, असं म्हणायचे. त्यांना बसलेलं उठवायला दोन माणसं लागायची, गुडघे कडाकडा वाजायचे, धोतर आत्याबाई नेसवायच्या, आणि झोपले की त्यांच्या घोरण्यानं गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. तिच्या तोंडात पुढचे तीन दात नव्हते. दुसऱ्या बायका जशा पाटल्या कधी केल्या ते सांगतात, तशी ती सांगायची. हा शिगम्यातला. हा भातात खडा लागला तेव्हाचा. आणि हा उगीच.

मारायच्या आधी मामंजींच्या नाकातून एक आवाज यायचा, लोहाराच्या भात्यासारखा. तो आला की घर रिकामं व्हायचं. एकदा नांगराला जुंपलेला रेडा आडमुठेपणा करून बसेना की चालेना. मामंजींनी त्याच्या कपाळावर, दोन शिंगांच्या मधोमध, मूठ हाणली. रेडा गुडघ्यावर बसला आणि त्याच्या नाकातून रक्त आलं. मग हेच मामंजी त्या रेड्याच्या गळ्यात पडून रडले, कोंडा भिजवून त्याला हातानं भरवला. गावात पुढं वर्षभर तेच कौतुक. बुदवंताचा हात जड पण मन लोण्याचं, म्हणे. मला विचाराल तर लोणी रेड्याच्या वाट्याला आलं, आम्हाला मूठच आली.

त्यांचा धाकटा भाऊ गोविंदा अगदी उलटा. बारीक, हसरा, कुणाचीही टर उडवणारा. मोठ्या भावाच्या पोटावर त्यानं गाणंच रचलं होतं आणि ते शिगम्यात सगळ्यांसमोर म्हणायचा. त्याची बायको भागी. मी तिला काकी म्हणायचे. एका माघात गोविंदा रानात गेला तो आलाच नाही. तिसऱ्या दिवशी बांबू तोडणाऱ्यांना तो बांबूच्या बेटात सापडला. पालथा पडलेला, हात अंगाखाली, कोल्ह्यांनी ओढत नेलेला. आणि तोंड नव्हतं. म्हणजे तोंडाच्या जागी जे होतं ते मी सांगणार नाही. सगळे म्हणाले, अस्वल. आमच्या रानात अस्वल माणसाचं तोंडच फाडतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आम्हीच वर सुप्याच्या कचेरीत कळवलं की अस्वलानं मारलं, आणि कागदही तसाच झाला.

पण मढं धुवायला भागी काकी होती, आणि तिच्याबरोबर मी होते. काकी रडत नव्हती. ती जखमेतून बोट फिरवत होती आणि बोटावर आलेलं काहीतरी केळीच्या पानावर काढून ठेवत होती. तेराव्याला पंच जमले तेव्हा तिनं ते पान सगळ्यांसमोर उलगडलं.

"ही खडी हाय. अस्वलाच्या नखात खडी कुठनं आली? माझ्या माणसाला दगडानं मारलाय. आणि गावात हात कुणाचा चालतो ते सगळ्यास्नी ठाऊक हाय. जैतूभाऊजीनं फटीतनं जावं."

आता ही फट काय ते सांगते. आमच्या देवराईत, देवाच्या मागं, दोन काळे कातळ एकमेकांना खेटून उभे आहेत. मधे फट, वीत आणि चार बोटं रुंद, आणि लांबी सात-आठ पावलांची. कुणावर आळ आला की त्यानं उपास करून, ओलेत्यानं, एका बाजूनं शिरायचं आणि दुसऱ्या बाजूनं निघायचं. निघाला तर देवानं सोडला. मग त्याच्यावर पुन्हा बोट दाखवायचं नाही, आणि जो हात उचलेल तो गावाबाहेर. अडकला तर देवानं धरला, आणि त्याचं घर वाळीत. वाळीत म्हणजे विस्तव नाही, विहीर नाही, बाळंतपणाला बाई नाही, मेलं तर खांदा नाही. गावात सगळेच हडकुळे असल्यामुळं पिढ्यान्‌पिढ्या सगळेच निघत आले होते, आणि सगळेच खरे ठरत आले होते. अंगाचं माप आणि पापाचं माप या दोन गोष्टी वेगळ्या असतील, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्यासुद्धा नाही.

मामंजी शिगम्याच्या आधी फटीत शिरले आणि तिसऱ्या पावलाला अडकले. पुढं नाही, मागं नाही. जितके भडकले तितके फुगले. ओरडत होते, कातळावर डोकं आपटत होते. शेवटी चौघांनी खोबरेल तेल ओतून पाय धरून ओढून काढले तेव्हा छातीची आणि पोटाची साल निघाली होती. ते उठायच्या आत पोरांनी दगड मारायला सुरुवात केली. कालपर्यंत पाया पडणारी माणसं ती. भागी काकीनं जळतं लाकूड उचललं आणि त्यांच्या पाठीवर हाणलं. मांस जळल्याचा वास आला. माझा नवरा मधे पडला, त्याचं मनगट मोडलं.

पंचांत मुख्य होता म्हातारा रामा गावकर. रक्तानं माखलेले मामंजी तेवढ्यातही त्याच्यापुढं हात जोडून म्हणाले, "पोट अडकलं, गावकरा. मी न्हाई अडकलो." गावकर कोड्यात पडला. असा वाद आजवर कुणी घातलाच नव्हता. देवाला कौल लावला, फूल उजवीकडं पडलं. ठरलं, दसऱ्याला पुन्हा एकदा. शेवटचं.

त्यानंतर चैत्रात बाजारकुणंगच्या वाटेनं एक जोगी आला. कानफाटा, कानात जाड कुंडलं, अंग वाळल्या शेंगेसारखं. मामंजींचं ऐकून तो खो खो हसला. मग फटीपाशी गेला, वितेनं माप घेतलं, आणि येऊन आमच्या पडवीत बरोबर तेवढ्या अंतरावर दोन खुंट रोवले. म्हणाला, अप्पा, दसऱ्यापर्यंत ह्यातनं जायला शिक. आत्याबाई म्हणाल्या, उपाशी ठेवते त्यांना. त्यावर जोगी काय म्हणाला ते मला पाठ आहे. "उपाशी वाघ बारीक असतो, आक्का. पर वाघच असतो."

मग रोज उजाडायच्या वेळी पडवीत घोंगडं पसरलं जायचं आणि मी चुलीपाशी आंबील ढवळत बघत बसायची. पहिल्या दिवशी जोगी म्हणाला, उताणं झोप आणि गुडघे छातीला लाव. गुडघे कुठले लागतात. मामंजी म्हणाले, पोट मधी येतंय. जोगी म्हणाला, म्हणून तर झोपवलंय. सूर्याला नमस्कार घालायला लावले तर तिसऱ्याला मामंजी आडवे. पाय पसरून अंगठे धरायला सांगितले तर हात मांडीवरच संपले. डुकराचं मांस बंद, माडी बंद, गूळ बंद. नाचणीची आंबील, कुळथाचं कढण, रानभाजी. मामंजी भांडी फेकायचे. कढत कढण माझ्या पायावर सांडलं त्याचा डाग आहे अजून.

नवव्या दिवशी जोग्यानं चार बोटं रुंद फडक्याची लांब पट्टी भिजवून आणली आणि म्हणाला, ही गिळ. पोट आतनं पुसून काढायचंय. टोक हातात ठेव आणि मग हळू ओढून काढ. मामंजींनी हातभर गिळली असेल, डोळे पांढरे झाले, ओकारी आली, आणि मग नाकातून तो भात्याचा आवाज. मी आत्याबाईंना घेऊन बाहेर पळणार एवढ्यात त्यांनी जोग्याच्या कानातलं कुंडल धरलं आणि हिसडा मारला. कान फाटला, खालपर्यंत. पडवीच्या शेणसारवणावर रक्ताचा ओघळ चुलीपर्यंत आला.

कान फाटलेल्या जोग्याला त्यांच्या पंथात थारा नसतो, हे मला त्याच दिवशी कळलं. त्यांच्या लेखी तो मेलाच. जोग्यानं चुलीतली राख घेऊन कानात दाबली आणि मामंजींच्या समोर बसला. आवाज चढलेला नव्हता.

"अप्पा, हात उचलायच्या आधी तू दम भरलास. मी ऐकला. दम भरल्याबिगर कुणाला मारता येत न्हाई. दम सोडून हात उचलून बघ. माझा पंथ तर गेला, आता तू पार झाल्याबिगर मी हालत न्हाई."

खरं सांगते, मी मागं गोठ्यात जाऊन म्हशीवर हात उगारून बघितला. सगळा श्वास बाहेर सोडून, पोट आत ओढून. हात वर जातो, पण त्यात जीवच राहत नाही. म्हैस माझ्याकडं बघत रवंथ करत राहिली. मामंजींनीही बघितलं असणार, कारण त्या दिवसानंतर पट्टी गिळायला त्यांनी कुरकुर केली नाही.

मग अंग उतरायला लागलं. पण त्याच्या आधी दुसरंच काय काय झालं. घोरणं थांबलं. घराला त्या आवाजाची इतकी सवय की आम्ही सगळे शांततेनं दचकून उठायचो आणि मामंजी जिवंत आहेत का बघायला जायचो. पायाची सूज गेली. गुडघे वाजायचे थांबले, ते उकिडवे बसायला लागले, धोतर आपलं आपण नेसायला लागले. सकाळी पोट साफ, हे ते सगळ्या गावाला बोलावून सांगायचे. कमरेचा करगोटा सैल पडून खाली यायचा, आत्याबाईंनी तो तीन वेळा आखडून बांधला. जोगी त्यांना श्वास सोडून, पोट पाठीला लावून उभं करायचा. आधी नुसती थुलथुल हलायची. ज्येष्ठापर्यंत बरगडीखाली वाटी बसेल एवढी खळगी पडायला लागली. आषाढात मामंजी त्या दोन खुंटांमधे अर्धे शिरले आणि लहान पोरासारखे हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. दात चांगले होते सगळे.

गाव मात्र बिथरलं. बुदवंत आटायला लागला, आता पीक आटणार, असं बायका विहिरीवर बोलायच्या.

त्याच आषाढात माझ्या नवऱ्यानं डुलकी काढली आणि म्हैस भाताच्या तरव्यात शिरली. वर्षाचं रोप अर्धं खाल्लं. मामंजी काठी घेऊन आले. नवरा मोडलेलं मनगट छातीशी धरून तरव्यातच गुडघ्यावर बसला, कारण पळून उपयोग नसतो हे त्याला लहानपणापासून ठाऊक. काठी वर गेली. मी डोळे मिटले. बराच वेळ काहीच झालं नाही म्हणून उघडले, तर मामंजी तसेच उभे, तोंडातून लांब श्वास सोडत, पावसात, पोट आत गेलेलं. मग काठी खाली ठेवली आणि वाकून उरलेलं रोप सारखं करायला लागले. नवरा संध्याकाळपर्यंत तरव्यातून उठलाच नाही. आत्याबाई तर रडायलाच लागल्या. म्हणाल्या, मारून मोकळं झाले असते तर बरं होतं बाई, हे काय भलतंच.

मला तेव्हा दिवस गेले होते. एवढी वर्षं मी देवाला नवस बोलत होते, आणि आता तो फळला तेव्हा डोक्यावर दसरा. मामंजी निघाले नाहीत तर माझं मूल वाळीत जन्मणार. नाळ कापायलाही कुणी येणार नाही. मी रोज आंबील ढवळायची आणि त्या दोन खुंटांकडं बघायची. देवाची काय प्रार्थना करणार, मी खुंटांचीच करायची.

श्रावणात एका सकाळी जोगी म्हणाला, आता उताणा झोप, हात उताणे टाक, अंग सोड. मढं हो. हे मामंजींना सोपं जायचं, लगेच डोळा लागायचा. त्या दिवशी लागला नाही. थोडा वेळ गेला आणि ते ताडकन उठून बसले, घामाघूम.

"गोविंदा असाच पडला हुता. हात असेच. आभाळाकडं."

माझ्या हातातली पळी थांबली. गोविंदा पालथा सापडला होता. हात अंगाखाली होते, ते सोडवायला मला आणि काकीला किती जोर लावावा लागला होता. उताणा, हात आभाळाकडं, हे कुणी बघितलं असणार? कोल्ह्यांनी ओढून नेण्याच्या आधी तिथं जो उभा होता त्यानं. आंबील खाली लागली, करपल्याचा वास सुटला. जोग्यानं माझ्याकडं बघितलं. मी भांड्यात बघितलं.

मी कुणाला बोलले नाही. काकी रोज आमच्या कुंपणापलीकडून पाण्याला जायची, एकटी, आणि मी तिला बघून आत व्हायची. मला माझ्या पोटाची पडली होती. त्याची लाज मला आजही वाटते आणि तेव्हाही वाटत होती, पण लाजेनं काय नाळ कापली जाते? एकदा धीर करून जोग्याला विचारलं, बाबा, खरंच मारलं असेल तर देव सोडेल का? तो फाटक्या कानाची खपली खाजवत म्हणाला, "फट दगडाची हाय, मुली. ती पोट मोजती. बाकीचं त्याचं त्यानं मोजायचं."

दसऱ्याला देवराईत अख्खं गाव. ढोल होते, पण कुणी वाजवत नव्हतं. मामंजी नदीवरून ओलेत्यानं आले. उघड्या अंगावर जुन्या दगडांचे वण, पाठीवर भाजल्याचा पट्टा, आणि पोटाच्या जागी पोट नव्हतं, तिथं कातडीची घडी लोंबत होती. त्यांनी कातळाला हात लावला, डोकं एका बाजूला वळवलं आणि सगळा श्वास सोडला. मला वाटलं आता थांबेल, तरी येतच होता. शिरले. तिसरं पाऊल गेलं. चौथं गेलं. मग थांबले.

आम्ही निघायच्या बाजूला उभ्या होतो. आतून काही दिसेना, आवाज येईना. काकीचे ओठ पांढरे झाले होते. मी माझ्या पोटावर दोन्ही हात धरून उभी, आणि माझाही श्वास कुठं गेला होता कोण जाणे. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग कातळातून एक खांदा आला, मग बरगड्या, आणि मामंजी बाहेर पडून गुडघ्यावर आले. ढोल वाजायला लागले. पोरं नाचायला लागली. रामा गावकरानं नारळ त्यांच्या हातात दिला आणि डोक्याला पागोटं बांधायला लागला. आत्याबाई बेशुद्ध पडल्या. मी रडत होते, आणि आनंदानं रडत होते, हे कबूल करते.

मामंजींनी नारळ खाली ठेवला, पागोटं काढलं आणि सरळ भागी काकीसमोर जाऊन बसले.

"भागी, देवानं सोडलं. पर मीच मारलाय त्याला. डुकराचं मुंडकं त्यानं आधी कापून घेतलं म्हणून. दगड घेतला आणि थांबलोच न्हाई."

ढोल थांबले. काकीनं जवळचा दगड उचलला. पहिला घाव कपाळावर, दुसरा तोंडावर, तिसरा पुन्हा तोंडावर. दात फुटल्याचा आवाज मी ऐकला. मामंजींचे हात मांडीवर होते. दर घावाला ते श्वास सोडत होते, लांब, आणि हात मांडीवरच होते. पुरुष धावले आणि काकीला केसाला धरून मागं ओढली, आपटली, लाथा घातल्या. कारण नियम मोडला होता ना! देवानं सोडलेल्या माणसावर हात उचलला होता तिनं.

मामंजी रक्त थुंकत ओरडत होते, तिला सोडा, मी मारलाय. पण ऐकतो कोण? गावकर म्हणाला, देव खोटा की तू खोटा? मामंजी म्हणाले, देवाचं मला ठाऊक न्हाई, माझं ठाऊक हाय. गावकर म्हणाला, ह्या जोग्यानं पोटाबरोबर तुझं डोकंही रिकामं केलंय, जा घरी, जेव पोटभर. पंचांनी तिथंच निकाल दिला. बुदवंत निर्दोष, भागी गावाबाहेर, उद्या सूर्य उगवायच्या आत. मामंजी अडकले तेवढं सोडलं तर त्या फटीनं एकही माणूस खोटा ठरवला नव्हता. खरं बोलणाऱ्याला खोटा ठरवायला मात्र ती कामाला आली.

मामंजींनी मग वाद घातला नाही. विहिरीवर तोंड धुतलं, तुटलेले दात धोतराच्या सोग्यात बांधले आणि काकीला म्हणाले, चल सुप्याला, कचेरीत. इथं तुझं कुणी ऐकणार न्हाई आणि माझंही. ती त्यांच्यामागं गेली. लंगडत, दहा पावलं अंतर ठेवून, हातातला दगड न टाकता. मामंजी वळून वळून ती येते का बघत होते. माझ्यापुढून गेले तेव्हा म्हणाले, पोर झालं की नाचणी खा, तूप खा, माझ्यासारखं आंबिलीवर राहू नको. बस्स.

कचेरीत अस्वलाचा कागद होता, तो खोटा पाडायला म्हणे त्यांना चार दिवस बसावं लागलं. काकी परत आली ती कुणाला न विचारता आपल्या घरात शिरली आणि विस्तव मागायला माझ्याच दारात आली. मी दिला. पंच मूग गिळून बसले. आमचंही घर वाळीत पडलं नाही, कारण देवानं सोडलेलं घर वाळीत टाकायचं कसं? माझी मुलगी मार्गशीर्षात झाली, आणि नाळ भागी काकीनं कापली.  जोगी आमच्याच पडवीत राहिला आणि तिथंच मेला. बाळंतपणानंतर माझी कंबर धरली तेव्हा त्यानंच मला चार आसनं शिकवली, ती मी अजून करते. मामंजी जेलातून परत आले नाहीत.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी. दोन शिपाई त्यांना कारवारला चालवत नेत होते आणि जोयड्याच्या पुढं, रस्त्याखालच्या ओढ्यावर थांबले होते, असा निरोप आला. मी आणि आत्याबाई भाकरी घेऊन धावत गेलो. उन्हं नुकती वर आली होती. बघतो तर शिपाई दगडावर बसून विडी ओढतायत, बेड्या त्यांच्या शेजारी पडलेल्या, आणि मामंजी ओढ्याकाठच्या वाळूत नमस्कार घालतायत. आत्याबाई घाबरून म्हणाल्या, अहो, हे सुटलेत! त्यातला म्हातारा शिपाई म्हणाला, सुटायचे असते तर पहिल्याच दिवशी सुटले असते, आक्का. बेडीत मनगट राहतच नाही, सारखं निसटतं. रोज सकाळी काढून आमच्या हातात देतात, आणि हे झालं की मागून घेतात.

मामंजींनी अंग पुसलं. आत्याबाईंनी दिलेली भाकरी अर्धी खाल्ली, अर्धी परत दिली. फुटक्या तोंडानं चावता येत नव्हतं. माझ्या पोटाकडं एकदा बघितलं. मग बेड्या उचलल्या, एक एक हात आपणच आत सारला, आणि शिपायांच्या विड्या संपायची वाट न बघता अणशीच्या घाटाकडं चालू लागले. दोघे शिपाई धापा टाकत मागून पळाले.